माझ्या फोनातले पंखे

शिडीवर चढलेला वायरमन लोकांना दिसत न्हाई, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. खाली नवरा-बायको भांडतात, सासवा सुनांची उणीदुणी काढतात, भाऊ-भाऊ वाटण्या करतात, अन् वर आमी टेस्टर दातात धरून गुमान ऐकतो. मग किस्से साठणार न्हाईत तर काय!

आता तर शिडीचीही गरज उरली न्हाई. आखाडा बाळापुरात अन् आजूबाजूला मोबाईलवर चालणारी बटनं आमीच बसवली. आमी म्हणजे मी, दत्ता, अन् माझा उस्ताद पाशाभाई. एक्झॉस्ट फॅनला ही बटनं फार चालली. फोडणीनं, धुरानं, हळदीच्या धुरळ्यानं दम लागणारी म्हातारी माणसं घरोघर, अन् लेकरं पुण्याला. बटन जोडताना ॲप ईमेल मागतं. आता ईमेल कुणाकडं असतो? मग टाक माझाच! असं करता करता चाळीस घरांचे पंखे माझ्या फोनात येऊन बसले. कुणाच्या घरी किती वाजता फोडणी पडली, ते मला बसल्या जागी कळतं. हे काही चांगलं न्हाई, पण झालं खरं.

*

पहिला नमुना सुलोचनाकाकू. काकूंना दमा, पोरगा पुण्यात. त्यानं तिथून मोबाईलवर आईचा पंखा लावायचा, असं ठरलं. पण भिंतीवरचं बटन चालू असलं तरच मोबाईलवरून पंखा लागतो. अन् काकूंचा जन्म गेला खोलीतून निघताना बटन बंद करण्यात! रोज त्या पोराचा मला फोन, "दत्तामामा, पंखा ऑफलाइन दाखवून राहिला."

शेवटी मी बटनावर चिकटपट्टी मारली अन् वर लिहिलं, 'हात लावू नये.'

दसऱ्याला पाशाभाईला घेऊन गेलो तर पट्टीवर हळद-कुंकू वाहिलेलं अन् वर झेंडूचं फूल!

"काकू, हे काय?"

"अरे, हात लावायचा न्हाई म्हंजे देवच झाला की तो. अन् पोरगं तिथून रोज आठवणीनं लावतं. देव तरी लावतो का?"

पाशाभाई मोठ्यानं हसला, अन् हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. तवा आमी त्या खोकल्याकडं लक्ष दिलं न्हाई.

*

कळमनुरीच्या एका घरात वाय-फायच नव्हतं. सुनेच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पंखा जोडून दिला. घरातली आजी अंथरुणाला खिळलेली, तिच्या खोलीतली कोंदट हवा बाहेर जावी म्हणून. भिंतीवरचं बटन लोखंडी कपाटामागं गेलेलं, त्यामुळं सगळी मदार त्या मोबाईलवर. दोन महिने बराबर चाललं. मग सासू-सुनेचं वाजलं अन् सून मोबाईल घेऊन माहेरी गेली.

सासूचा मला फोन. "अरे दत्ता, तुजा पंखा बिघडला."

"पंखा चांगला हाय मावशी. सून आणा!"

पंधरा दिवसांनी सासू स्वतः जीपनं जाऊन तिला घेऊन आली. दारातच म्हणाली, "आदी तुजं ते चालू कर, मग पाय धू."

पुढं एकदा ती सून मला म्हणाली, "दत्ताभाऊ, मला न्यायला कुणी आलं नव्हतं. मोबाईल न्यायला आले होते." मी शिडी उचलली.

*

माझी बहीण गोरेगावला दिलेली. तिच्या शेजारी पाटलांच्या घरी मी किचनचा पंखा बसवला होता. ते पाटील वारले. दहाव्याला सगळे पिंडाला गेले, तर कावळा शिवेना! दोन तास माणसं ताटकळली. घरी पाटलीणबाई एकट्या भिंतीला टेकून बसलेल्या. दहा दिवस त्यांनी धड अन्न घेतलं नव्हतं.

त्याच वेळी इकडं बाळापूरच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाला ऐटीत दाखवून राहिलो होतो, की बघा, नुसतं बोट लावलं की पंखा सुरू! 'पाटील किचन' दाबलं. अन् माझ्या फोनात 'पाटील किचन' दोन होते.

चार दिवसांनी बहिणीचा फोन. "दत्ता, नवल झालं रे! कावळा शिवला न्हाई, पण पाटील घरी येऊन गेले. कुणी हात लावला न्हाई अन् पंखा आपोआप फिरायला लागला! पाटलीणबाई ढसाढसा रडल्या, अन् मग पोटभर जेवल्या."

त्या दिवशी मी दाबलेला पंखा कुठला, ते मला तवा कळलं. आता खरं सांगून टाकतो, असं पाशाभाईला म्हणालो.

"काहून?" तो म्हणाला. "तू चुप बैठ. बसू दे त्यांच्या माणसाला घरात."

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी पुन्हा तो पंखा लावला. त्या वेळी चुकून न्हाई.

*

आता पाशाभाईचंच सांगतो. तीस वर्षं त्यानं कटरनं भिंतींना खाचा मारल्या. विटांची, सिमेंटची धूळ अशी उडायची की उस्ताद दिसायचा न्हाई, नुसतं कटर ऐकू यायचं. रुमाल बांधा म्हणलं की म्हणायचा, "रुमाल में सांस नहीं आती रे!"

नांदेडच्या डॉक्टरनं फोटो काढला अन् सांगितलं, फुप्फुसं धुळीनं कडक झालीत, आता जपायचं. बाहेर येऊन पाशाभाई मला म्हणतो, "घरं लोकांची दत्ता, भिंती माझ्या छातीत!" मला हसू आलं न्हाई. रडूच आलं.

गावभर पंखे लावणाऱ्याच्या स्वतःच्या खोलीला दारावर एक झरोका तेवढा होता. तिथं मी एक्झॉस्ट फॅन बसवला. किराणा दुकान भिंतीला भिंत लावून, त्याचं वाय-फाय मागून घेतलं. पाशाभाईनं उदबत्ती लावायला सांगितली. धूर सरळ ओढून बाहेर गेला तरच काम पास, हा त्याचा जुना नेम. धूर गेला. "पास," म्हणाला, अन् कितीतरी वेळ तिकडंच बघत बसला.

मोबाईलवर बोलायचं म्हणलं की दोन शब्दांत त्याला धाप लागायची. मग त्यानंच तोड काढली. त्यानं आपल्या मोबाईलवरून पंखा दोनदा चालू-बंद केला की माझा फोन वाजायचा, अन् मी समजायचं, दत्ता, ये. मी गेलो की भाभी चहा टाकायची, अन् मी त्याला दिवसभराचे किस्से सांगायचो. हसायला आलं की तो हात वर करायचा, बस म्हणून. सकाळी फोन उघडला की चाळीस घरं सोडून मी आधी त्याची खोली बघायचो. पंखा चालू दिसला की जिवाला बरं वाटायचं.

*

त्या दिवशी मी कळमनुरीत काम करून राहिलो होतो. चारच्या सुमाराला फोन वाजला. पाशाभाईची खोली. चालू, बंद. चालू, बंद.

म्हणलं, आज चहाची लवकर तलफ आली उस्तादाला! हातातलं काम आटपलं, वाटेत त्याला आवडतात म्हणून गरम भजे बांधून घेतले अन् गाडी बाळापूरला काढली.

दाराला कुलूप.

किराणावाला ओट्यावर आला. "अरे दत्ता, तू हितं? पाशाभाईला दुपारीच नांदेडला नेलं की. लई धाप लागली होती. तुला न्हाई कळलं?"

मला कोण कळवणार? भाभीला फोन उचलता येतो, लावता येत न्हाई. अन् पाशाभाईला बोलता येत न्हाई.

एवढ्यात माझ्या डोक्यावर, कुलूप लावलेल्या त्या खोलीचा पंखा लागला. झडपा वर झाल्या अन् आतली हवा तोंडावर आली. बामाचा वास, अन् उदबत्तीचा.

मग पंखा थांबला. झडपा खाली पडल्या.

दुसऱ्यांदा लागायची वाट बघत मी भज्यांचा पुडा धरून तिथंच उभा राहिलो.