तिन्हीसांजेचा दगड

अंगणातल्या तुळशीपाशी दिवा लावून झाला की हल्ली आमची ही ओट्याच्या दगडावर तळहात टेकवून उभी राहते. आधी वाटलं, गुडघा दुखत असेल. तसं नव्हतं.

आमचा मुलगा सीमेवर तोफखान्यात आहे. मागच्या सुट्टीत जेवताना त्यानं आईला समजावलं होतं, "वर फिरणाऱ्या ड्रोनचा कॅमेरा उष्णता बघतो. रात्री गार रानात आमची तोफ त्याला लगेच उठून दिसते. पण तिन्हीसांजेला थोडा वेळ लोखंड आणि दगड सारखेच कोमट असतात. तेव्हा त्याला काही वेगळं कळत नाही. बाहेरची कामं आम्ही तेवढ्यात उरकतो."

लहानपणी हिनं त्याला तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. आता तीच दगड चाचपते, जरा थांबते आणि पुटपुटते, "हं, नीघ आता."

इथला दगड निवला म्हणून तिथला निवतोच असं नाही, हे मी तिला सांगत नाही. त्याचा फोन बरेच दिवस आलेला नाही.

काल मीही तिच्या शेजारी हात टेकवला. आणि आठवलं, त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "लोखंडाचं कळलं रे. पण तुमच्या अंगाचं काय?"

तो नुसता हसला होता आणि खाली बघून भात कालवायला लागला होता.

दगड हळूहळू पार गार झाला. आमचे दोघांचे हात मात्र ऊनच राहिले.