मंगळवार लिलाबाईचा

इंझोरीत आशाताई म्हणून मी घरोघर फिरते, पण रंगूबाईसारखी बाई दुसरी पाहिली नाही. तिच्या घरात तिच्या एकटीचं असं काही नाहीच. शिडी, मोठं पातेलं, लग्नात नेसायचं लुगडं, सगळं शेजारच्या लिलाबाईच्या भागीत. निंदणही तसंच. आज सगळ्या बाया एकीच्या वावरात, उद्या दुसरीच्या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. याला सावड म्हणतात.

यंदा एका पाहणीसाठी गावातल्या काही बायांना मनगटावर बांधायचे छोटे पट्टे मिळाले. नाडी, ताप, अंगातला ऑक्सिजन सारखा मोजत राहायचा आणि दुखणं वर येण्याआधी माझ्या मोबाईलवर कळवायचं, हे त्यांचं काम. "मावशी, हा हातातून काढायचा नाही," मी बजावलं. रंगूबाईनं लगेच मान डोलावली. एरवी ती कशालाच इतक्या लवकर हो म्हणत नाही.

एका बुधवारी मोबाईलवर इशारा आला. मी तशीच तिच्या घरी गेले.

"मावशी, काल तुमच्या नाडीचे ठोके चुकत होते. वाशीमला जाऊन ईसीजी काढा लागंन."

"काल मंगळवार होता," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. "मंगळवार लिलीचा असते, पोरी."

मी कपाळावर हात मारला. पट्टाही सावडीत गेला होता.

राग ओसरला तशी खरी धास्ती वाटली. लिलाबाईचा नवरा दवाखान्यात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ती दवाखान्याची पायरी चढत नाही, तापानं फणफणली तरी नाही. तिचं काळीज बिघडलंय म्हटलं असतं, तर दार लावून बसली असती.

"तू काही बोलू नको," रंगूबाई म्हणाली. "मी सांगतो तिले."

तिनं काय सांगितलं ते मी ओट्यावरूनच ऐकलं. "लिले, मशीननं माह्या छातीत खोट काढली. मले भेव वाटून राह्यलं. तू संग चाल."

लिलाबाई पदर खोचून उठली. सावडीतल्या बाईला एकटं सोडत नाहीत.

शुक्रवारी आम्ही तिघी निघालो. वाशीम येईपर्यंत लिलाबाई रंगूबाईचा हात धरून तिलाच धीर देत होती. मला तिच्याकडे बघवेना. रंगूबाईचा ईसीजी चांगला निघाला. "आता आलीस तं तुहा बी काढू," असं म्हणत तिनं लिलाबाईला खाटेवर निजवलं. तो कागद मात्र डॉक्टरांनी दोनदा बघितला. वेळेवर आलात, म्हणाले. उशीर झाला असता तर लकवा मारण्याची भीती होती. गोळ्या सुरू झाल्या.

परतीच्या एसटीत लिलाबाईनं गोळ्यांची पुडी पदरात बांधली. मग म्हणाली, "तुले मालूम होतं."

रंगूबाईनं स्वतःच्या मनगटावरचा पट्टा सोडला. ती तो लिलाबाईच्या हाताला बांधू लागली.

"आज शुक्रवार हाये," लिलाबाई हात मागं घेत म्हणाली. "तुही बारी हाये."

"राहू दे. माही बारी आता तुह्याजवळच राहू दे."