कमी प्रेशरची टेस्ट

बाळू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी छातीवर इकोचा प्रोब धरून बसलो होतो. ते काम संपवलं, रिपोर्टवर सही केली आणि मगच उठलो... दीड महिना झाला. अजून नीट रडू आलेलं नाही, कारण मला त्याचा राग आलाय.

गडहिंग्लजच्या शाळेत आम्ही एका बाकावरचे. मी हृदयाचा डॉक्टर झालो, तो शिरोलीच्या कारखान्यात पाण्याचे व्हॉल्व्ह तपासायला लागला. कडक माणूस! एकदा त्याच्याकडे गेलो, तर कामगारांवर खेकसत होता, "कमी प्रेशरला फुटका व्हॉल्व्हबी पास हुतोय की! पूर्ण प्रेशर द्या!" मी हसून म्हणालो, "आमच्याकडंबी तसंच हाय. बीपी उतरलेलं असलं की हृदयाची गळती कमी दिसतीय." तो नुसता "व्हय?" म्हणाला.

गेल्या वर्षी त्याला धाप लागायला लागली. इको केला. डॉप्लरमध्ये रक्ताचा रंगीत झोत झडपेतून उलटा फिरून वरच्या फुगलेल्या कप्प्याच्या पार भिंतीपर्यंत जात होता. गळती तीव्र होती. "ऑपरेशन कर, बरा होशील," मी म्हटलं. "छाती फोडून घ्यायची न्हाय मला," म्हणाला. वहिनींनी शपथ घातली तेव्हा कुठं कबूल झाला, पण अट घालून. "आणि एकदा बघ. तेच आलं तर करतो."

इकोआधी बीपी मोजून लिहायचा माझा नेम. त्या दिवशी पट्टा बाहेर काढला, तर म्हणाला, "माझंबी मोजतोस व्हय लेका? घरचाच हाय की मी." मी पट्टा ठेवून दिला. झोत निम्मा दिसला. कप्पा मात्र तसाच, मोठ्या गळतीनं फुगलेला होता, आणि तो मला दिसत होता. तरी मी 'मध्यम गळती' लिहिलं, कारण मलाही तेच हवं होतं. तो कागद त्यानं सगळ्या भावकीला दाखवला. ऑपरेशन राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी दवाखान्यात आल्या. हातात त्याच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. "भावजी, तुमच्याकडं दुसऱ्यांदा तपासायला आले त्या सकाळी त्यांनी एकदम तीन गोळ्या घेतल्यात्या. इचारलं, तर म्हणाले, डॉक्टरनंच सांगितलंय."

डॉक्टरनंच सांगितलं होतं... खरंच की. बाळ्या, जन्मभर कुणाचा एक व्हॉल्व्ह कमी प्रेशरला पास केला नाहीस. स्वतःचा तेवढा केलास, आणि सही माझी घेतलीस. दगा दिलास लेका!

आता इकोच्या खोलीत कुणीही येवो, मी आधी पट्टा बांधतो. परवा आईला तपासायला आणलं, तिलाही सोडलं नाही.

"माझ्यावरबी इश्वास न्हाय व्हय रं?" ती म्हणाली.

"न्हाय," म्हणालो, आणि हवा भरायला लागलो.