कॉर्पोरल नोलनची आइस हॉकी

माझं पहिलं पोस्टिंग डार्विनला होतं. पुण्याहून शिकायला आलो, सिटिझन झालो आणि ऑस्ट्रेलियन आर्मीत सिग्नलर म्हणून भरती झालो. रेडिओ सांभाळणं हे माझं काम. केळकर कुणाला म्हणता येईना, म्हणून सगळे मला केल म्हणत.

आमचा सेक्शन कमांडर कॉर्पोरल ग्रेग नोलन मेलबर्नचा. उन्हाने डोकं फिरायची वेळ आली की तो बर्फाच्या गोष्टी काढायचा. त्याचे वडील आइस हॉकी खेळायचे, तोही खेळायचा. त्याच्या मते हा खेळ सैनिकांनी वाढवला. कॅनडातल्या छावण्यांत इंग्रज शिपायांना हिवाळाभर काही काम नसे. ते गोठलेल्या तळ्यांवर काठ्या घेऊन उतरले. चांगल्या काठ्या तिथले मूळ रहिवासी कोरून देत. पुढे खेळ छपराखाली आला. चेंडू प्रेक्षकांत उडायचा, म्हणून लाकडाची चपटी चकती आली. आम्ही जांभया द्यायचो. तो थांबायचा नाही.

एके दिवशी आर्वोला, म्हणजे दुपारी, एक्सरसाइजवरून परतताना सुक्या ओढ्याचा काठ खचला आणि गाडी उलटली. मी बाहेर फेकला गेलो. ड्रायव्हरचा हात मोडला. नोलन कमरेपर्यंत गाडीखाली होता. आम्हा दोघांना गाडी हलेना.

मी रेडिओवर तळाला, म्हणजे ‘झीरो’ला, हाक दिली. सराव नसून खरंच घडलंय हे सांगायला आमच्यात ‘नो डफ’ म्हणतात.

“झीरो, धिस इज टू वन. नो डफ. एक कॅज्युअल्टी, प्रायॉरिटी वन. ओव्हर.”

हेलिकॉप्टर दुसऱ्या कामावर होतं. यायला चाळीस मिनिटं लागतील, त्याला जागं ठेवा, असा हुकूम आला.

नोलनने विचारलं, “किती वेळ?”

“चाळीस मिनिटं.”

“खूप झाली,” तो म्हणाला.

त्याला जागं ठेवायचं होतं. मी विचारलं, आइस हॉकीचा पहिला सामना कुठे झाला? त्यावर अजून भांडणं आहेत, तो म्हणाला. मग मेलबर्नचं विचारलं. तो सावकाश सांगत गेला. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बर्फाचा हॉल झाला. बंदरात अमेरिकन युद्धनौका आली होती. तिच्या खलाशांशी आपली पोरं खेळली. काही वर्षांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि खेळणारे कितीतरी जण तिकडे गेले.

त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं, “खलाशांशी खेळले तेव्हा कोण जिंकलं?”

“कोणीच नाही. बरोबरी.”

मी पुढचे प्रश्न विचारत राहिलो. ड्रायव्हरने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा थांबलो. हेलिकॉप्टर आलं तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशीत कुणाचाच दोष निघाला नाही. मेलबर्नला त्याच्या वडिलांना भेटलो. तो काय बोलत होता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी गेल्याने त्यांना काही बरं वाटलं असेल, असं मला वाटत नाही.

आता मी मेलबर्नजवळ वेरिबीला राहतो. अँझॅक डेला, म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनी, पहाटे स्मारकापाशी जातो. युद्धात गेलेल्यांची नावं दगडात कोरली आहेत. नोलनचं त्यात नाही. यंदा मुलगी सोबत होती. मी कुणासाठी उभा आहे ते तिला सांगितलं.

“व्हिच वॉर, बाबा?”

“ट्रेनिंगमध्ये गेला,” मी म्हणालो.

ती आणखी ऐकायला थांबली. तेवढ्यात बिगुल वाजला. बिगुल संपल्यावर मी त्याचं नाव हळूच घेतलं. कॉर्पोरल ग्रेग नोलन. वय एकतीस.