काकूंच्या कॅरॅव्हॅनची फरशी मी बादलीने धुतली

वेल्सला समुद्रावर जायचं म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हणाले होते. आमची ओवी अकरा महिन्यांची. मोटरवेवर ट्रक शेजारून गेला तरी मी डोळे मिटून घेते. त्यात राहायचं कॅरॅव्हॅनमध्ये. म्हणजे चाकांवरचं घर, आणि गॅसचा सिलिंडर उशाशी.

पण कॅरॅव्हॅन कॉव्हेंट्रीच्या काका-काकूंची. ते आमच्या नात्यातले नाहीत, पण ओवीच्या बारशाला पाळणा हलवायला या देशात तेवढीच दोन माणसं होती. काकू फोनवर म्हणाल्या, "अगं, उन्हाळाभर बारमथला समुद्राकाठी उभीच असते ती. जा चार दिवस. रविवारी आम्हीही येतो." काकूंना नाही म्हणायची माझी हिंमत नाही. त्या खूप करतात आमचं, पण बघतात बारीक. मी दहावीपर्यंत शिकलेली, गावातली. त्यांच्यासमोर चमचाही मी दोनदा पुसून ठेवते.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सगळं लिहिते. टायपिंग ह्यांनी शिकवलंय, चुकलं तर समजून घ्या.

गुरुवारी सकाळी मेडनहेडच्या घरून निघालो. एम चाळीस मोटरवेने वर, कॉव्हेंट्रीला चावी घेतली, मग श्रूजबरीवरून वेल्स. थांबत थांबत सात तास लागले. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला खाणं महाग, म्हणून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलं होतं. श्रूजबरीलाच पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप कमी. आणि बाळ असेल तर डोंगर सुरू व्हायच्या आधी दूध पाजू नका. मी पाजलं. ओवीने गाडीत एकदा ओकलं आणि कॅरॅव्हॅनमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या दुसऱ्यांदा.

आत काकूंची फरशी चकचकीत. फरशी म्हणजे प्लास्टिकचं लायनो, पिवळसर, त्यावर तपकिरी चौकोन. मी पुसलं, पण वास जाईना.

शुक्रवारी सकाळी हे ओवीला घेऊन समुद्र दाखवायला गेले. मी कॅरॅव्हॅन-साइटच्या नळावरून बादली भरून आणली, साबणाची पावडर टाकली आणि दिली ओतून. आमच्याकडे फरशी धुवायची म्हणजे अशीच. पाणी ओतायचं, झाडूने मोरीकडे लोटायचं. मेडनहेडच्या घरात सगळीकडे कार्पेट. दोन वर्षांत धुण्यासारखी जमीन पहिल्यांदा पायाखाली आली होती. मी दुसरी बादलीही ओतली. खरं सांगते, मजा आली.

मग लक्षात आलं, मोरी नाही. दाराशी पत्र्याची उंच पट्टी, पाणी बाहेर जाईना. थोडं मी टिपलं. बाकीचं बाकाखाली कुठेतरी गेलं. वाळेल म्हटलं.

त्या दिवशी आम्ही लाकडी पुलावरून चालत गेलो. एका बाजूला आगगाडी, दुसऱ्या बाजूला पायवाट, खाली खाडी. ओवीला मी इतकं घट्ट धरलं की ती रडली. बंदरावर चिप्स घेतल्या तर पिशवी धरून खा, सीगल पक्षी हातातून नेतात. ह्यांच्या हातातून नेल्या.

शनिवारी सकाळी ओवी जमिनीवर बसून हाताने थापट्या मारत होती आणि खिदळत होती. बघते तर फरशीला फुगे! तव्यावर फुलका फुगतो तसे. एक दाबला की दुसरा वर येई आणि आतून पाण्याचा आवाज. रविवारी काकू येणार.

हे म्हणाले, "रूपा, बादलीने? अगं, खाली प्लायवूड आहे."

"मला कोण सांगणार?"

"बरं, रडू नकोस. वर सतरंजी टाकू. काकांना काय दिसतंय या वयात."

"काकूंना दिसतं."

तेवढ्यात शेजारच्या कॅरॅव्हॅनमधली मॉरीन दारात. सत्तरीची, बर्मिंगहॅमकडची, सगळ्यांना लाडाने 'बॅब' म्हणते. "काल बादल्या बघितल्या तेव्हाच मनात आलं होतं, बॅब."

ह्यांनी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमचं काहीतरी धार्मिक असेल."

मला हसू आलं, रडताना. मॉरीनच्या नवऱ्याने आयुष्यभर कॅरॅव्हॅन दुरुस्त केल्या, ती त्याच्या हाताखाली शिकलेली. तिने ह्यांना लायनोचा गोंद आणायला पाठवलं, आणि ओवीलाही सोबत दिलं. मग आम्ही दोघी गुडघ्यांवर. माझं इंग्रजी तोडकं, पण हात दाखवला की कळतं.

दाराची पट्टी स्क्रू काढून सोडवली, लायनोची कड हळूच उचलली. खाली तळं. ओवीचे सुती लंगोट मी गठ्ठाभर आणले होते, तेच घालून पाणी टिपलं. मग छोटा हीटर लावून दुपारभर ऊब दिली. मधल्या दोन फुग्यांपर्यंत कडेने पोचता येत नव्हतं. तिथे तिने तपकिरी रेघेवरच ब्लेडने बारीक चीर दिली, म्हणजे दिसू नये. गोंद आत घालायला काही नव्हतं, तर मी ओवीची औषध पाजायची सिरिंज दिली. वरून रूळ फिरवायला हवा होता. मी स्वयंपाकाच्या डब्यातून लाटणं काढलं. पोळीसारखं मधून कडेला लाटत नेलं, सगळी हवा निघाली. मॉरीन बघत राहिली. "हे तू आधी केलंयस."

"रोज," मी म्हणाले.

मग कॉव्हेंट्रीहून घरासाठी घेतलेली कणकेची दहा किलोची पिशवी वजनाला ठेवली.

ती म्हणाली, खरं तर लाकडाला आठवडा हवा वाळायला, ओलं लाकूड आपली घाई ऐकत नाही. पण माझ्याकडे एक रात्र होती.

एक गोष्ट मात्र राहिली. खिडकीखालच्या कोपऱ्यात तिने स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. लाकूड काळं, भुसभुशीत. "हे तुझं नाही. हे जुनं आहे. खिडकीचं रबर गेलंय, पाऊस झिरपतोय. कुणाचा तरी पाय जाईल."

रात्री हे म्हणाले, "आता तर कुणाला कळणारही नाही. छान बसलंय."

"आणि तो कोपरा? काकांचा पाय गेला तर?"

कोपऱ्याचं सांगायचं तर लायनो का उचललं तेही सांगावं लागणार. मला झोप नाही.

रविवारी काका-काकू आले. काकूंनी चपला दारात काढल्या, आत आल्या, म्हणाल्या, "व्वा, स्वच्छ ठेवलंयस." चहा ओतता ओतता मी एका दमात सांगून टाकलं. बादल्या, फुगे, चीर, लाटणं, काळं लाकूड.

काकू उठल्या. वाकून त्या रेघेवरून बोट फिरवलं. काकांनी कोपऱ्यात बोट रुतवलं आणि म्हणाले, "अगं, मी गेल्या वर्षीच म्हणत होतो, कुबट वास येतो."

"तुम्ही म्हणत होतात, ही धुऊन मोकळी झाली," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "धुतलं नसतंस तर ते कुजकं कुणाला दिसलं असतं? पण दोन बादल्या? रूपा, ही कॅरॅव्हॅन आहे, म्हैस नाही."

काका इतके हसले की चहा सांडला. पुसायला मी फडकंच घेतलं.

घरी येऊन तीन आठवडे झाले. मोटरवेची भीती गेली नाही, परतीलाही डोळे मिटूनच होते. लाटणं तीनदा उकळून धुतलं, तरी पोळ्यांसाठी नवीनच घेतलं. जुनं ओट्याच्या कोपऱ्यात आहे.

काल काकूंचा फोन आला. "रूपा, दारापाशी एक फुगा परत आलाय." सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर त्याच पुढे म्हणाल्या, "काकांनी तो कोपरा नवा बसवला, खिडकीचं रबरही. पण लाटायचं मला काही जमत नाही. पुढच्या शनिवारी या. आणि ते लाटणं आण."

डोंगर लागायच्या आधी ओवीला दूध पाजायचं नाही, एवढं यावेळी लक्षात आहे.