ळ नसलेलं मशीन

मेहकरच्या कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागायच्या आदल्या आठवड्यात वकीलसाहेबांनी मला घरी बोलावून घेतलं. त्यांच्याकडे मी अकरा वर्षं इंग्रजी टायपिस्ट होतो. ते येरझारा घालत तोंडी मजकूर सांगायचे आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत माझं मशीन थांबलेलं असायचं. मला खाली बघावं लागत नसे. पक्षकार कधीकधी नुसते माझी बोटं बघत उभे राहायचे, आणि ते मला आवडायचं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. सरकारी कामकाज मराठीतून होणार, हे बरेच दिवस नुसतं ऐकू येत होतं. आता तहसिलीत तसे कागदही आले होते.

"माझं सगळं शिक्षण नागपूरला इंग्रजीत झालं," वकीलसाहेब म्हणाले. "साधा मुदतीचा अर्ज मराठीत लिहायला बसलो तर या वयात मला शब्द सुचत नाहीत. मी आता मुलाकडे जातो राहायला."

"आणि मशीन?" मी विचारलं.

"ते नेतो बरोबर. पत्रं लिहायला होईल. तुला तरी आता त्याचा काय उपयोग?"

ते खोटं बोलत नव्हते. मी तेहतीस वर्षांचा होतो, आणि जे एकच काम मला चांगलं येत होतं त्याची गरज संपली होती.

तहसिलीतल्या अव्वल कारकुनाशी माझी ओळख होती. त्यांनी सांगितलं की मराठी टायपिस्टची एक जागा निघणार आहे. मराठी टायपिंगची परीक्षा पास असायला हवं, आणि माझं वय अजून साधारण दीड वर्ष चालेल. परीक्षेला स्वतःचं मशीन नेलं तरी चालत होतं. मेहकरात तेव्हा मराठी टायपिंग शिकवणारं कोणीच नव्हतं. म्हणजे मशीन विकत घ्यायचं, घरी शिकायचं आणि परीक्षा द्यायची. पैशांचं कसंबसं जमलं. अडचण पैशांची नव्हती, कोणतं मशीन घ्यायचं ही होती.

कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसायचे. हाताने अर्ज लिहून द्यायचे. त्यांचं अक्षर असं की साहेबलोक ते एकमेकांना दाखवायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी अकोल्याला मशीन बघायला निघालो तेव्हा ते आपणहून बरोबर आले.

अकोल्याच्या दुकानदाराने माझ्यापुढे तीन वाटा ठेवल्या. नवं मराठी मशीन हवं असेल तर नाव नोंदवायचं आणि वर्ष-सव्वा वर्ष थांबायचं. नाहीतर जुनं इंग्रजी मशीन घेऊन त्याचे अक्षरांचे खिळे काढायचे आणि मराठी बसवायचे. पण त्याचाच मिस्त्री म्हणाला की तसं केल्यावर ओळ कधीच सरळ येत नाही. तिसरी वाट समोर टेबलावरच होती. मध्य प्रदेशातल्या कुठल्या तरी कचेरीतून आलेलं, वापरलेलं पण धडधाकट, लहानशा पेटीत बसणारं हिंदी मशीन. मी कागद लावून माझं नाव टाइप केलं. अक्षर स्वच्छ उमटलं.

"सगळी अक्षरं मराठीचीच आहेत," दुकानदार म्हणाला. "फक्त ळ नाही. हिंदीत तो लागत नाही ना. मुंबईहून खिळा मागवतो आणि बसवून देतो. एक महिना धरा."

चाचांनी मला बाहेर ओट्यावर नेलं.

"भाऊ, ज्या मशीनले आपली भाषा पुरी येत नाई ते कायले घेता? नवं नोंदवा. थांबा सालभर."

"सालभरानं मशीन येईन चाचा, पन शिकाले वेळ कुठी राहीन? माहं वय निघून जाईन."

त्यांनी दारातून आतल्या मशीनकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "घ्या मंग. पुढं काई झालं तं मी सांगतलं होतं असं म्हननार नाई मी."

त्यांनी तो शब्द पाळला.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून बसलो. मला वाटलं होतं, बोटांना टायपिंग येतंच, नुसती जागा बदलायची आहे. तसं नव्हतं. इंग्रजीत एक बोट दाबलं की एक अक्षर. इथे अक्षर अर्धंच उमटायचं, मग काना देऊन ते पुरं करायचं. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी मारायचा. मात्रा मारली की कागदाची गाडी पुढे सरकत नसे. मनात मराठी शब्द यायचा आणि बोट जुन्या जागी जायचं. पहिला महिना मी शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या पोरासारखा एकेक अक्षर शोधत होतो.

बायको चौथी शिकलेली होती. दुपारी कामं आटोपली की ती शाळेतलं जुनं पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसायची आणि वाचायची. अडखळत, बोट ठेवून वाचायची, पण माझी बोटं तिच्याहून सावकाश होती, म्हणून जमायचं. ळ आला की मी एक घर मोकळं सोडायचो आणि पान भरल्यावर पेनाने ळ लिहायचो. एकदा तिने विचारलं, "अवो, आपन तं बोलतानी बी कुठी ळ म्हनतो? डोया म्हनतो, काया म्हनतो. मंग येवढं काऊन अडते?"

"सरकार डोळा म्हनते," मी म्हणालो.

ती हसली. मलाही त्या दिवशी हसू आलं होतं.

पावसाळा संपेपर्यंत वेग थोडा आला. सराव व्हावा म्हणून मी सकाळी चाचांच्या शेजारी मशीन घेऊन बसू लागलो. एक दिवस देऊळगाव माळीचे एक आजोबा आले. त्यांना जमिनीच्या फेरफाराचा अर्ज हवा होता. त्यांच्या गावाच्या नावातच दोन ळ. मी टाइप केलं, पेनाने दोन्ही जागा भरल्या आणि कागद दिला. तासाभराने ते तोच कागद घेऊन परत आले.

"बाबू म्हन्ते, छापल्या कागदावर हातानं कोनं लिवलं? खाडाखोड चालत नाई म्हन्ते."

मी दुसरा करून देतो म्हणालो, पण दुसऱ्यातही तेच होणार होतं. ते रागावले नाहीत. थोडा वेळ माझ्याकडे, थोडा वेळ मशीनकडे बघत राहिले, मग चाचांपुढे जाऊन उकिडवे बसले. चाचांनी माझ्याकडे न बघता त्यांचा अर्ज लिहून दिला.

ळ आणायला मी अकोल्याला तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला तो आला होता. मिस्त्रीने एक फारसं न लागणारं चिन्ह काढून तिथे बसवला. पण तो दुसऱ्या कुठल्या मशीनचा होता. ओळीच्या वर बसायचा, आणि दाबला की शेजारच्या दांड्यात अडकायचा. मग बोटाने सोडवून घ्यावा लागे. आठवडाभर तसं चालवलं. एका ओळीत तो दोनदा अडकला की मागचा सगळा वेग जायचा. शेवटी पुन्हा अकोल्याला जाऊन तो काढून आणला.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट झाली, ती मी घरी सांगितली नाही. दुसऱ्या एका वकिलाचा टायपिस्ट आजारी होता. त्यांना बँकेला पाठवायचं एक इंग्रजी पत्र हवं होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी त्यांच्या मशीनवर बसलो, न बघता सुरुवात केली, आणि कागदावर काहीतरी भलतंच उमटलं. दुसरा कागद घेतला, तेच. वकील खुर्चीत वाट बघत होते. मग मी खाली बघून एकेक अक्षर शोधत ते पत्र पुरं केलं. मराठी अजून आलेली नव्हती आणि इंग्रजी गेली होती.

परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात बुलडाण्याला होती. एसटीत मशीनची पेटी मांडीवर घेऊन गेलो. वर ठेवायला दिली असती तर धक्क्याने बिघडली असती. शाळेच्या वर्गात बाकं लावली होती. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीचं मशीन नवं होतं, पूर्ण मराठी. उताऱ्याचा कागद उलटा ठेवला होता. घंटा झाली आणि मी तो सुलटा केला. उतारा पाणीपुरवठ्यावर होता. तळी, नळ, दुष्काळ, उन्हाळा, वेळोवेळी. मी पहिल्या परिच्छेदातच मोजायचं सोडून दिलं. मोकळी घरं सोडत शेवटपर्यंत गेलो. वेळेच्या आत संपवला. तेवढं मला आलं होतं.

पर्यवेक्षक कागद घ्यायला आले तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "साहेब, माझ्या मशीनवर ळ नाही. तेवढे पेनाने भरू द्याल का?"

त्यांनी कागद नीट पाहिला. "बाकी चांगलं केलंत हो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण ही मशीनची परीक्षा आहे. हाताने लिहिलेलं मला धरता येत नाही."

निकाल लागायच्या आधीच मला तो माहीत होता. परीक्षा दर सहा महिन्यांनी व्हायची. पुढच्या परीक्षेच्या सूचनेत लिहिलं होतं की यापुढे सरकारने ठरवून दिलेल्या नव्या कळफलकाचंच मशीन चालेल. माझ्या मशीनवरची निम्म्याहून जास्त अक्षरं त्यात दुसऱ्याच जागी होती. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि वयाचे चार महिने उरले होते. त्या चार महिन्यांत मी काहीच केलं नाही. अव्वल कारकून एकदा रस्त्यात भेटले. जागा भरल्याचं त्यांनी सांगितलं आणि घाईत असल्यासारखे निघून गेले.

निकालानंतरही आठ-दहा दिवस बायको दुपारी पुस्तक घेऊन येऊन बसत होती. ती आता बोट न ठेवता वाचू लागली होती. मी एकदा म्हटलं, "आता राहू दे."

"मी वाचते, तुमी नुसते आयका," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. उठून बाहेर गेलो. त्यानंतर तिने पुस्तक काढलेलं मला आठवत नाही.

डोणगावला एका धान्याच्या दुकानात पोती मोजून घ्यायचं काम मिळालं आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. मशीन परत घ्यायला अकोल्याचा दुकानदार तयार नव्हता. ते काही वर्षं फळीवर होतं, नंतर बुऱ्हाणपूरकडचा एक व्यापारी घेऊन गेला. त्याचं सगळं काम हिंदीत, त्यामुळे त्याला ते लगेच चालवता येणार होतं.

पाच-सहा वर्षांनी चाचा एका बाजाराच्या दिवशी दुकानावर आले. फार वाळले होते. मी त्यांना समोरच्या हॉटेलात चहा प्यायला नेलं. बराच वेळ ते पाऊस-पाण्याचं बोलले. मग म्हणाले, "आता कचेरीत हाताचा अर्ज नाई घेत. टाइप करून आना म्हन्तात. माह्यापाशी आता कोनी येत नाई."

त्यांनी बशी खाली ठेवली.

"तुमच्या शेठपाशी काई काम हाये काय, बसल्या जागेचं?"

"विचारतो," मी म्हणालो. काम नव्हतं हे मला माहीत होतं. तरी शेठला विचारलं, आणि तो नाही म्हणाला. पुढच्या दोन बाजारांना चाचा पुन्हा आले. कामाबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. चहा प्यायचो, मग मी त्यांना मेहकरच्या गाडीत बसवून द्यायचो. तिसऱ्या बाजाराला ते आले नाहीत.