आत्तीची अठरा शेरडं

आमच्या गावाच्या उत्तरेला माळ चढत जातो. माण तालुक्यातला माळ बाहेरच्या माणसाला दाखवला, तर त्याला दगड, कुसळं आणि ऊन यापलीकडे काही दिसत नाही. मला तिथे चंडोल दिसतो, धाविक दिसतो आणि नशीब जोरावर असलं तर चिंकाराही. पाखरांचा हा नाद मला कॉलेजात लागला आणि शाळेत मास्तर झाल्यावर वाढला. आधीच नादी, त्यात मास्तर. गावाला दुहेरी ताप.

माळाचे तेव्हा हाल होते. परगावचे मोठे कळप यायचे आणि गवताला डोकं वर काढू द्यायचे नाहीत. बाभळी, हिवर तोडून नेले जात होते. माळ राखीव करायचा, हे मी डोक्यात घेतलं. वर्षभर घरोघर फिरलो. गुरुजी आता पाखरांना रेशनकार्डं काढून देणार, अशी चेष्टाही झाली. शेवटी ग्रामसभेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचा ठराव आला आणि तो मांडायला अर्थात मीच उभा राहिलो.

अडचण होती ती माझ्याच घरात. माझी आत्ती, म्हणजे वडलांची धाकटी बहीण. नवरा मुंबईत कामाला होता, तो अकाली गेला, तेव्हापासून ती वस्तीच्या टोकाला एकटी राहायची. जमीन नाही, मूलबाळ नाही. अठरा शेरडं होती आणि तेवढ्यावर तिचं चालायचं. ती शेरडं चरायची त्याच माळावर.

ठराव वाचून झाला. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा, असं मी म्हणालो आणि देवळापुढच्या त्या गर्दीत कुणी हललं नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू बायकांकडे वळल्या. मास्तरच्या सख्ख्या आत्तीचं काय, हे बघायचं होतं त्यांना. ती मागे खांबाला टेकून बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि हात वर केला. मग पटापट हात वर गेले.

त्या दिवशी मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. भावाच्या पोराला भरल्या गावात खाली बघायला लागू नये म्हणून तिनं हात वर केला, असं मी धरून चाललो. महिन्याभरात शेरडं बाजारात गेली. ती लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. मी तिच्याकडे जायचो, चहा प्यायचो, इकडचं तिकडचं बोलायचो. माळाचा विषय मात्र तिनं काढला नाही आणि मलाही काढायचा धीर झाला नाही. आत कुठेतरी मला लाज वाटत होती.

माळानं मात्र आमची लाज राखली. दोन पावसाळ्यांत पवन्या, मारवेल ही गवतं कमरेला लागली. ससे आले, तितर बोलायला लागले, एका सकाळी चिंकाऱ्याची जोडी दिसली. पायथ्याला मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली, राखीव रान, चराईस सक्त मनाई. मग कॉलेजची पोरं, साताऱ्याचे पक्षीमित्र, कुणीकुणी यायला लागलं आणि मी दर रविवारी सगळ्यांना माळ दाखवायचो. राखीव रानं कशी जन्माला आली, यावर माझं एक ठरलेलं भाषण असे. आधी राजांनी शिकारीसाठी रानं राखली, मग गोऱ्या साहेबानं लाकडासाठी, आणि आता कुठे आपण ती जिवांसाठी राखतोय, असं म्हणून मी त्या पोरांकडे बघायचो. तिन्ही वेळी त्या रानातून उठवलं कुणाला, हे माझ्या भाषणात नसायचं.

चार-पाच वर्षांनी काहीतरी बिघडायला लागलं. जुनं गवत वाळून आडवं पडायचं, त्यावर पुढच्या सालचं पडायचं, खाली जमिनीला ऊनच लागेना. कोवळा फुटवा दिसेना. एका उन्हाळ्यात वणवा लागला आणि अर्धा माळ काळा झाला. त्याहून वाईट म्हणजे धाविक दिसेनासा झाला. हा पक्षी उघड्या जमिनीवर पळतो आणि तिथेच अंडी घालतो. दाट गवतात त्याचं काय काम? मी बंदी आणखी कडक करायच्या गोष्टी बोलत होतो. वनखात्यातले एक जाणते अधिकारी माळ बघायला आले, त्यांनी मला मध्येच थांबवलं. म्हणाले, गुरुजी, हे गवताचं रान आहे, त्याला तोंड लागलंच पाहिजे. थोडी जनावरं सोडा, पण कुठं, कधी आणि किती, ते माळ माहीत असलेल्या माणसाला विचारा.

असं माणूस गावात एकच होतं.

आत्तीकडे गेलो तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. मी अडखळत सगळं सांगितलं. तिनं हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि उद्या सकाळी जाऊ म्हणाली. दुखऱ्या गुडघ्यांचं काय, विचारलं, तर ते संगंच येत्यात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही हळूहळू निघालो. पाटीपाशी ती थांबली. तिला वाचता येत नाही, पण तिथं काय लिहिलंय हे सबंध गावाला ठाऊक आहे.

"मला चालतंय नव्हं आत?" तिनं विचारलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

वर गेल्यावर मात्र तिच्या पायांना बळ आलं. ओढ्याकडची बाजू चरायला आधी सोडायची, तिनं सांगितलं, कारण तिथलं गवत लवकर राठ होतं. मेंढरं नकोत, थोडी शेरडंच, आणि एका जागी आठ दिवसांच्या वर नाही. मग ती एका पठारावर थांबली, जिथे पूर्वी मला हमखास धाविक दिसायचा.

"हितं आखाड सरस्तवर न्हाई," ती म्हणाली. "पाखरं भुईवर अंडी घालत्यात. मी शेरडं कवाच आणली न्हाईत या अंगाला."

म्हणजे मी ठराव लिहायच्या कितीतरी आधी ती एकटी हे रान राखत होती. पाटी नाही, भाषण नाही. मला मान वर करवेना. त्या दिवशी सभेत हे बोलली का नाहीस, माझ्या तोंडाकडे बघून हात का वर केलास, असं मी शेवटी विचारलं.

"तुझ्या तोंडाकडं बघून कशाला?" तिला माझं नवलच वाटलं. "पाखरं कमी झालेली मला दिसत न्हवती व्हय? परगावची मेंढरं पार माती उकरून जात हुती. मी बोलली असती तर कोन ऐकणार हुतं? तुझं ऐकत हुते. म्हनलं, माझी शेरडं जाऊ द्यात, पन माळ ऱ्हाऊ दे."

इतकी वर्षं मी तिच्या त्यागावर माझ्या अब्रूचं नाव घालून बसलो होतो. चुकलं माझं, आत्ती, असं कसंबसं म्हणालो, शेरडांचं मी तेव्हाच बघायला हवं होतं.

"शेरडांचं न्हाई रं," ती म्हणाली. तिनं सगळा माळ डोळे भरून बघितला. "दर आइतवारी कुणाकुणाला घेऊन यायचास, ते मी दारातनं बघायची. मला वाटायचं, एकदा मलाबी दाखवाय नेशील."